जखमेपासून इस्पितळापर्यंत



या व्यासपीठावरून इतिहास सांगायला उभे राहणारे गृहस्थ बहुधा पदवीधर आणि व्यासंगी असतात. मी यांपैकी कोणी नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी सांगणार तो इतिहासही राजवाड्यातला नाही की पाठ्यपुस्तकातला नाही. तो एका रस्त्याचा इतिहास आहे. माणूस जिथे पडतो तिथून इस्पितळाच्या दारापर्यंतचा हा रस्ता. लढाया कोणी जिंकल्या हे इतिहासकार लिहितात, इस्पितळात कोणती शस्त्रक्रिया कोणी शोधली हे डॉक्टर लिहितात. परंतु या दोहोंमधल्या रस्त्यावर जखमी माणूस कोणाच्या हाती असतो, त्या हातांना कोणी काही शिकवलेले असते काय, आणि त्या हातांना समाजाने काय मोल दिले, हे फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक कित्येकांच्या जिवाचा निकाल याच रस्त्यावर लागतो. इस्पितळात जे घडते ते पुष्कळदा त्या निकालाची केवळ अंमलबजावणी असते.

आरंभ फ्रान्सपासून करू. इसवी सन १७९२ मध्ये डॉमिनिक लारे नावाचा एक तरुण शल्यवैद्य फ्रेंच क्रांतीच्या ऱ्हाइन नदीवरील सैन्यात दाखल झाला. त्या वेळचा लष्करी नियम असा होता की, जखमींच्या गाड्यांनी सैन्यापासून एक लीग, म्हणजे सुमारे अडीच-तीन मैल, मागे राहावे. लढाई संपली म्हणजे जखमींना एका जागी गोळा करावे आणि मग त्या अवजड गाड्यांनी तिथे यावे. लारेने लिहून ठेवले आहे की, या गाड्या चोवीस किंवा छत्तीस तासांच्या आत कधीच पोचत नसत. तोवर बहुतेकांचा प्रश्न मृत्यूनेच सोडवलेला असे. लारेने त्याच रणांगणावर आणखी एक गोष्ट पाहिली. घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा घटकेत इकडून तिकडे धावत होत्या. माणसे मारण्याचे साधन जर इतक्या वेगाने धावू शकते, तर माणसे वाचवण्याचे का धावू नये? या साध्या प्रश्नातून त्याची ‘उडती रुग्णवाहिका’ जन्माला आली. ती दोन घोड्यांची, हलकी, आतून गादी घातलेली गाडी होती. लढाई चालू असतानाच पुढे जायचे, जागच्या जागी रक्त थांबवायचे, पट्टी बांधायची आणि जखमीला मागे आणायचे, हे तिचे काम.

परंतु लारेचे खरे मोठेपण गाडीत नाही. त्याने दोन तत्त्वे घालून दिली. पहिले असे की, उपचाराने जखमीकडे जावे, जखमीने उपचाराची वाट पाहत पडून राहू नये. दुसरे असे की, ज्याची जखम गंभीर त्याला आधी हात लावावा. मग तो सरदार असो, शिपाई असो वा शत्रूच्या गोटातला असो. ज्या युरोपात माणसाचा दर्जा त्याच्या कोटाच्या गुंड्यांवरून ठरत होता, तिथे हे दुसरे तत्त्व पहिल्यापेक्षाही क्रांतिकारक होते. सैनिकांना ते उमजले होते. १८१२ च्या नोव्हेंबरात रशियातून माघार घेताना बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी चालली असता, लोकांनी लारेला ओळखले आणि डोक्यावरून हातोहात पलीकडे पोचते केले. एरवी दुसऱ्यांना उचलून नेणाऱ्या माणसाला त्या दिवशी सैन्यानेच उचलून नेले.

आता वाटेल की, इतका चांगला पाठ एकदा मिळाला म्हणजे जग तो विसरणार नाही. इथेच या इतिहासातली मुख्य आणि दुःखाची गोष्ट सुरू होते. जग तो विसरले. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे चाळीस हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि लारेच्याच फ्रान्सच्या सैन्याजवळ जखमींना पुरेसे वैद्य नव्हते, गाड्या नव्हत्या. आंरी द्युनां नावाचा एक स्विस व्यापारी आपल्या कामासाठी तिकडे गेला होता. त्याने कास्तिल्योने गावच्या बायकांना हाताशी घेऊन चर्चमधून पडलेल्या जखमींना पाणी पाजले, पट्ट्या बांधल्या. ‘सारे भाऊच आहेत’ असे म्हणत त्या बायकांनी शत्रू-मित्र हा भेद केला नाही. द्युनांने १८६२ साली हे पुस्तकरूपाने लिहिले. त्यातून रेडक्रॉस उभा राहिला आणि १८६४ चा जिनिव्हा करार झाला. हे सर्व आपण जाणता. मला एवढेच सांगायचे आहे की, लारेनंतर अवघ्या दोन पिढ्यांत एका व्यापाऱ्यावर आणि गावच्या बायकांवर ही वेळ आली.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला अनुभव मला सर्वांत बोधप्रद वाटतो. उत्तरेच्या सैन्याजवळ गाड्या होत्या. पण त्या सामानसुमानाच्या खात्याच्या ताब्यात, आणि हाकणारे भाड्याने धरलेले. गाड्या अधिकाऱ्यांचे सामान वाहण्यात गुंतलेल्या असत. तोफा सुरू झाल्या की हाकणारे पळून जात; काही तर जखमींसाठी ठेवलेली दारू पिऊन पडत. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याला कोणी काही शिकवले नाही, ज्याची उद्याची नोकरी पक्की नाही, ज्याला कोणी आपल्यातला मानत नाही, त्याने गोळ्यांच्या वर्षावात उभे राहावे अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? जोनाथन लेटरमन हा पोटोमॅक सैन्याचा वैद्यकीय प्रमुख झाला, तेव्हा त्याने हा प्रश्न मुळातून हाताळला. २ ऑगस्ट १८६२ च्या हुकुमाने त्याने रुग्णवाहिकांचे स्वतंत्र दल केले. गाड्या फक्त आजारी आणि जखमी यांच्यासाठी. कोणा अधिकाऱ्याच्या पेट्यांसाठी नाहीत. दलातली माणसे कायमची, ठरावीक, आणि त्यांना स्ट्रेचर उचलण्याची, जखमीला गाडीत चढवण्या-उतरवण्याची नित्य कवाईत.

याचा परिणाम दोन लढायांची तुलना केली म्हणजे दिसतो. त्याच ऑगस्टच्या अखेरीस बुल रनची दुसरी लढाई मुख्यतः दुसऱ्या सैन्याने, जुन्याच पद्धतीने लढली. तिथे तीन-तीन दिवसांनंतरही जखमी मैदानात पडून होते, काही तर आठवडाभर. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबर १८६२ रोजी, अँटिएटमला अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित दिवस उजाडला. आणि तिथे लेटरमनच्या दलाने आपल्या बाजूचे जवळजवळ सर्व जखमी चोवीस तासांच्या आत हलवले. देश तोच, गाड्या त्याच तऱ्हेच्या. फरक पडला तो व्यवस्थेचा आणि माणसांना दिलेल्या मानाचा. १८६४ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही पद्धत साऱ्या सैन्याला लागू केली.

आता आपल्या माणसांकडे वळू. कंपनीच्या काळापासून हिंदुस्थानातल्या फौजांबरोबर डोल्या असत आणि त्या वाहणारे कहार असत. लढाईच्या बखरीत हत्तींची गणती सापडते. डोली खांद्यावर घेऊन गोळीच्या टप्प्यात चालणाऱ्या त्या कहारांची नावे सापडत नाहीत. त्यांच्याच जातकुळीची एक हकीकत दक्षिण आफ्रिकेतली आहे. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा नाताळमध्ये गांधीजींनी जखमी वाहणारे हिंदी पथक उभारले. त्यात सुमारे अकराशे माणसे होती. डॉक्टर बूथ यांनी प्रमुखांना शुश्रूषेचे शिक्षण दिले. पथकाने गोळीच्या टप्प्याबाहेर काम करावे असा करार होता. पण जानेवारी १९०० मध्ये स्पायन कॉपला इंग्रजांचा मोड झाला, तेव्हा सेनापतीने विनंती केली आणि ही माणसे टप्प्यात शिरली. खांद्यावर जखमी घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैलांची चाल त्यांनी केली. या अकराशेंपैकी स्वतंत्र हिंदी सुमारे तीनशे. बाकीचे आठशेच्या आसपास लोक गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर होते. युद्धानंतर पथकाच्या प्रमुखांना पदके मिळाली. ती त्यांनी कमावलेली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आठशे गिरमिटियांच्या खांद्यांवर कोणी पदक लावले नाही. वाहणारा निनावी राहतो, हा या इतिहासाचा जुना परिपाठ आहे.

श्रोतेहो, ‘युद्ध ही वैद्यकाची शाळा’ असे एक वचन नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. दुसरे अर्धे सत्य गोदीत, खाणीत आणि कालव्याच्या खोदकामावर सापडते, आणि ते माझ्यासारख्याने सांगितले पाहिजे.

लिव्हरपूल बंदरात ह्यू ओवेन टॉमस नावाचा डॉक्टर होता. त्याचे घराणे हाडवैद्यांचे; बापाजवळ पदवी नव्हती म्हणून पदवीधर डॉक्टरांनी त्याला कोर्टात खेचले होते. मुलगा डॉक्टर झाला, पण दवाखाना त्याने गोदी कामगारांच्या वस्तीजवळच थाटला. रविवारी गोरगरिबांना तो फुकट तपासी. जायबंदी पाय हलू नये म्हणून त्याने लोखंडी गजाची एक साधी चौकट तयार केली आणि १८७५ साली तिची माहिती छापली. मोठ्या शल्यवैद्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला. १८८८ साली मँचेस्टरच्या जहाजी कालव्याच्या बांधकामावर तो शल्यवैद्य म्हणून नेमला गेला. हजारो मजूर तिथे माती, दगड आणि सुरुंग यांच्याशी झुंजत होते, अपघात रोजचे. जोन्सने कालव्याच्या काठाने प्रथमोपचाराची ठाणी बसवली, तीन इस्पितळे ठेवली, आणि कालव्याच्या कामासाठी घातलेल्या रेल्वेने जखमींना तिथवर आणण्याची सोय केली. टॉमसची चौकट तिथे हजारो मजुरांच्या हातापायांवर पारखली गेली.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. मांडीचे हाड गोळीने मोडून जखम उघडी पडली की शंभरांतले सुमारे ऐंशी सैनिक मरत. मोडलेले हाड वाटेतल्या प्रत्येक हिसक्याने आतले मांस फाडी, आणि इस्पितळ येईपर्यंत माणूस रक्ताने आणि धक्क्याने संपे. जोन्सने टॉमसची चौकट सैन्यात आणली. १९१७ पर्यंत ती आघाडीवर पोचली, आणि त्या वर्षी आरासच्या लढाईत हे मृत्यू शंभरात वीसच्याही खाली आल्याची नोंद सैन्याच्या शल्यवैद्यांनी केली. आता नीट लक्ष द्या. ही चौकट लावायची कोणी? डॉक्टर खंदकात नव्हता. ती लावली स्ट्रेचर वाहणाऱ्यांनी. त्यांच्याकडून ती क्रमाक्रमाने, हुकुमाबरहुकूम, इतक्या वेळा लावून घेतली गेली की डोळे बांधले तरी हात चुकू नयेत. कारण खंदकातल्या रात्री दिवा लावता येत नसे. ‘अर्धवट ज्ञान घातक असते’ असे म्हणून सामान्य माणसाच्या हातून पेटी काढून घेणारे लोक आजही भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे की, एक काम पूर्णपणे येणे हे अर्धवट ज्ञान नव्हे. तो मोटकरी डॉक्टर झाला नव्हता, पण मांडीची चौकट त्याला डॉक्टरइतकीच लावता येत होती.

हे शिकवणे मुळात सुरू झाले तेही असेच. १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. दुसऱ्या वर्षी पीटर शेपर्ड या लष्करी शल्यवैद्याने वुलिच येथे सामान्य नागरिकांना धडे द्यायला सुरुवात केली. सैन्यात शिपायाला जे शिकवतात ते रेल्वेच्या मजुराला, खाणवाल्याला आणि पोलिसाला शिकवावे, ही त्यामागची दृष्टी. ‘फर्स्ट एड’ हा शब्दही त्याच सुमारास रूढ झाला. शेपर्ड स्वतः २२ जानेवारी १८७९ रोजी इसांदल्वानाच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करताना मारला गेला; परंतु त्याचे धडे रेल्वेच्या यार्डांत आणि कोळशाच्या खाणींत पसरले. जर्मनीत फ्रीडरिख एस्मार्कने ते पाहून १८८२ पासून कील येथे तशाच शाळा काढल्या. त्याची तिकोनी पट्टी अजून प्रत्येक प्रथमोपचाराच्या पेटीत असते.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव इथे घेतले पाहिजे. १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कॅनडाच्या नॉर्मन बेथ्यूनने तिथे असा दंडक घातला होता की, डॉक्टरने जखमीची वाट पाहू नये, त्याच्याकडे जावे. म्हणजे लारेचेच तत्त्व, खेचरांच्या पाठीवर बांधलेले! बेथ्यूनच्या मागे त्याच्या नावाच्या इस्पितळाचे पहिले संचालकपद कोटणिसांकडे आले. ते आघाडीजवळ शस्त्रक्रिया करीत आणि विद्यार्थी तयार करीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. आपण त्यांचा त्याग आठवतो ते योग्यच. पण त्यांचे शिकवणेही आठवले पाहिजे. एक डॉक्टर शंभर जखमींना पुरत नाही. त्याने शिकवलेले हात पुरतात.

आता विसरण्याचा दुसरा अध्याय. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकेने जखमींना हेलिकॉप्टरने उचलले. त्याच अमेरिकेच्या शहरांत काय स्थिती होती? १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला. १९६५ या एका वर्षात अपघातांनी १ लाख ७ हजार माणसे मेली होती, त्यांत ४९ हजार मोटार अपघातांत. आणि देशातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका चालवीत होते अंत्यसंस्काराचा धंदा करणारे लोक. कारण माणूस आडवा झोपेल अशी गाडी त्यांच्याजवळच होती! गंभीर जखमीला शहराच्या रस्त्यापेक्षा व्हिएतनामच्या रणांगणावर जगण्याची आशा अधिक, असे तिथून परतलेल्या तज्ज्ञांचे मत त्या अहवालात नमूद आहे.

याला उत्तर मिळाले ते एका उपेक्षित वस्तीतून. पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट ही काळ्या लोकांची वस्ती. तिथे आजाऱ्याला पोलिसांची गाडी नेत असे. मागे टाकायचे, दार लावायचे, आणि दोघे पोलीस पुढे बसायचे. वाटेत रोग्याजवळ कोणी नाही. त्या शहरात पीटर साफार हे भूलतज्ज्ञ होते. थांबलेला श्वास तोंडाने देऊन माणूस जगवण्याच्या विद्येतले ते अग्रणी. १९६६ साली त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्या वर्षी ‘फ्रीडम हाउस’ या वस्तीतल्या संस्थेबरोबर त्यांनी काम सुरू केले. ज्यांना नोकरीला नालायक ठरवले गेले होते अशा काळ्या तरुणांना, त्यांतल्या काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती, त्यांनी सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले. शरीररचना, हृदयाचे दाबन, श्वासाची नळी, बाळंतपण, गाडी हाकणे. १९६८ पासून हे तरुण गाड्या घेऊन रस्त्यावर उतरले, आणि पहिल्याच वर्षी पाच हजारांवर हाकांना धावले. पुढे नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टरबाईंनी त्यांच्याबरोबर गाडीत बसून जो अभ्यासक्रम बांधला, त्यावरून साऱ्या अमेरिकेतल्या पॅरामेडिकांचे शिक्षण ठरले.

आणि मग? १९७५ साली शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद झाले. नव्या सेवेत परीक्षा आणि अटी अशा आल्या की, ज्यांनी धडा घालून दिला तेच पुष्कळसे मागे ढकलले गेले किंवा बाहेर पडले. विद्या ठेवून घेतली, माणसे टाकून दिली. नाताळच्या गिरमिटियांची आठवण मला इथे होते.

तिसरा अध्याय आवळपट्ट्याचा आहे. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर वरच्या बाजूला पट्टा आवळून ती थांबवायची, हा उपाय शतकांचा जुना. पण पट्टा चुकीने बांधल्याने, तासन्‌तास तसाच ठेवल्याने हातपाय गमावल्याची उदाहरणे सांगून सांगून विसाव्या शतकात त्याला बदनाम केले गेले. ‘अगदी शेवटचा उपाय’ असे पुस्तकांत छापले गेले. परिणामी जे हातपायाच्या जखमेने मरू नयेत असे सैनिक मरत राहिले. १९९६ साली अमेरिकन लष्करातल्या फ्रँक बटलर आदी डॉक्टरांनी लढाईतल्या शुश्रूषेचे नियम नव्याने मांडले आणि हा पट्टा परत आणला. बगदादच्या लष्करी इस्पितळात २००६ साली पाहणी झाली. अंगातले रक्त ओसरून माणूस गळण्यापूर्वी पट्टा बांधला तर शंभरांतले नव्वद जगले. नंतर बांधला तर दहा. केवळ पट्ट्यामुळे कोणाचा हात वा पाय गेला असे त्यात आढळले नाही. नव्वद आणि दहा यांमधले अंतर काही मिनिटांचे आहे, आणि ती मिनिटे कोणत्याही गाडीच्या, कोणत्याही डॉक्टरच्या आवाक्यातली नाहीत. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या रेंजर पलटणीने वैद्यकीय शिपायांनाच नव्हे, तर एकूण एक सैनिकाला हे शिकवले. २०१५ पासून तिथे साध्या नागरिकांनाही रक्त थांबवायला शिकवण्याची मोहीम निघाली.

आता स्वदेशाकडे. आपल्याकडे कायदे झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवायला लावली. ती कामाच्या सर्व वेळात हाताशी असावी, शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी, आणि पाचशेंहून अधिक कामगार असतील तिथे स्वतंत्र खोली असावी, असे म्हटले. तो कायदा आता २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावा, पोलिसी कागद मागाहून. २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी ती महाराष्ट्रात आली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा जाच होऊ नये म्हणून नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या मोटार कायद्यातील दुरुस्तीने त्याला कायद्याचे बळ दिले. हे सर्व मोलाचे आहे.

परंतु कागदावरची पेटी आणि खात्यातली पेटी यांत अंतर असते. एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेसखाली एका कामगाराचा पंजा सापडला. पेटी होती, तिला कुलूप होते. किल्ली दिवसपाळीच्या साहेबाजवळ, आणि साहेब घरी. कुलूप फोडले तेव्हा आत वाळून गेलेली औषधाची बाटली आणि पिवळा पडलेला कापूस निघाला. शेवटी एका हेल्परने आपल्या गळ्यातला पंचा आवळून रक्त थांबवले. त्याच्या मामाला शेतात असेच बांधलेले त्याने लहानपणी पाहिले होते. कामगार जगला. चौकशीच्या कागदात ‘प्रथमोपचार तत्परतेने देण्यात आला’ असे लिहिले गेले. हेल्पर कंत्राटी होता. त्याचे नाव त्या कागदात आले नाही.

मग सव्वादोनशे वर्षांच्या या इतिहासाने आपल्याला काय सांगितले? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, साधन त्या एकाच कामासाठी राखलेले आणि हाताशी असले पाहिजे. अधिकाऱ्याच्या पेट्या वाहणारी गाडी आणि कुलपातली पेटी या सख्ख्या बहिणी आहेत. दुसरी, एकदा शिकवून भागत नाही, कवाईत हवी. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र रक्त थांबवीत नाही, सरावलेला हात थांबवतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्या हातांनी हे काम व्हायचे त्यांना शिक्षण, कायम नोकरी आणि नाव मिळाल्याशिवाय ही विद्या टिकत नाही. विद्या माणसांत राहते. माणसे बदलत राहिली, हाकलली गेली, तर ती त्यांच्याबरोबर जाते आणि पुढच्या पिढीला ती पुन्हा रक्त मोजून विकत घ्यावी लागते. सोल्फेरिनोला ती तशी घ्यावी लागली, आणि अमेरिकेच्या शहरांतही.

यावर कोणी म्हणेल की, आपला देश मोठा, पैसा थोडा. सर्वत्र गाड्या आणि डॉक्टर कुठून आणायचे? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. गाड्या महाग आहेत म्हणूनच शेजारचा माणूस शिकलेला हवा. दर पाळीला, दर खात्यात दोन माणसे तयार करायला, आणि महिन्यातून अर्धा तास सराव घ्यायला असा काय खर्च येणार आहे? एस. टी. चे चालक-वाहक, ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम, बांधकामावरचे मिस्त्री, शाळेतले शिपाई, घाटातल्या हॉटेलांवरचे पोरगे, हेच आपले पहिले स्ट्रेचरवाले आहेत. आम्ही युनियनवाल्यांनीही वेतन आणि बोनस यांच्या जोडीने ही मागणी मागणीपत्रात घातली पाहिजे, आणि रुग्णवाहिकेवर बारा-बारा तास काम करणाऱ्या कंत्राटी चालकाची मागणी ही आपलीच मागणी मानली पाहिजे. त्याच्या डोळ्यांवर झोप असेल तर मागे झोपलेल्याच्या जिवाला धोका आहे, हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

आपण सर्वजण या गावात राहतो, याच रस्त्यांवरून घरी जाणार आहोत. घरी गेल्यावर प्रत्येकाने एकच चौकशी करावी. आपण जिथे काम करतो किंवा जिथे आपली मुले शिकतात, तिथली प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, तिची किल्ली कोणाजवळ आहे, आणि ती उघडून कामाला लावता येणाऱ्या माणसाचे नाव काय? नाव सांगता आले तर ते आठवणीत ठेवा आणि त्या माणसाला मान द्या. सांगता आले नाही, तर ते नाव आपलेच असावे असा निश्चय करा.